वहीत नाही ते वाडीवर नाही

(पनवेल तालुक्यातल्या वाड्यांच्या बैठकीत केलेल्या मांडणीचा हा मजकूर. पावसामुळे बऱ्याच वाड्यांना येता आलं नाही. अंक ज्याच्या हाती पडेल त्याने तो वाडीवर सगळ्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवावा.)



गणपती गेले, भात निसवायला लागलं. आणखी महिनाभराने कापणी. कापणी झाली की मुकादम उचल घेऊन वाडीवर येणार, आणि दिवाळी आटोपली की आपली निम्मी घरं बंद होणार. कोणी वीटभट्टीवर, कोणी कोळशाच्या भट्टीवर पार कर्नाटकात. म्हणून ही बैठक आत्ता घेतली. नंतर घेऊन उपयोग नाही, का ते पुढे सांगतो.

दळीचे दावे, वनहक्काचे दावे यावर आपण दर बैठकीत बोलतो. आज आजारपणावर बोलायचं आहे. कोणी म्हणेल, संघटनेने जमिनीचं बोलावं, आजाराचं डॉक्टर बघतील. आम्हीही बरीच वर्षं असंच समजत होतो. मोर्चा काढायचा तो प्रांताच्या नाहीतर फॉरेस्टच्या हापिसावर. ग्रामपंचायत म्हणजे खालच्या गावाची, तिथे आपलं काय काम, असं धरून चाललो. ही आमची चूक झाली, ती आधी कबूल करतो.

चूक कशी कळली ते सांगतो. ही आपल्यातल्याच एका वाडीची गोष्ट आहे. पंचायतीचं नाव घेत नाही, कारण असं कुठल्याही पंचायतीत होऊ शकतं.

वाडी डोंगराच्या कुशीत. अंगणवाडी खालच्या गावात. मध्ये ओढा. पावसाळ्याचे चार महिने ओढ्याला पाणी, म्हणून पोरं अंगणवाडीत जात नाहीत. म्हणजे ना आहार, ना वजन, ना लस. पोरांचे हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हे तर आपण घरात बघतोच. वाडीने ठरवलं, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला जायचं. पंधरा-वीस जण गेले. एका म्हातारीने उभं राहून सांगितलं, वाडीवर अंगणवाडी द्या. वरून उत्तर आलं, हो हो, घेतलं. आपली माणसं टाळ्या वाजवून घरी आली.

दोन पावसाळे वाट बघितली. काहीच होईना तेव्हा एका शिकलेल्या पोराने अर्ज करून त्या सभेच्या इतिवृत्ताची नक्कल काढली. त्यात गटाराचा ठराव होता, दिवाबत्तीचा होता, मंदिराच्या सभामंडपाचा होता. वाडीच्या अंगणवाडीची एक ओळ नव्हती. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं, “तुम्ही बोललात, पण विषय कोणी मांडला? सूचक कोण, अनुमोदक कोण? नुसतं बोललेलं वहीत येत नाही.”

दोन वर्षांत ती पोरं अंगणवाडीच्या वयातून बाहेर पडली. त्यांचं गेलं ते गेलंच.

पुढच्या खेपेला वाडी शहाणी झाली. ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती महिला सभा. बाया तिथे गेल्या. सहा वर्षांच्या आतल्या पोरांची यादी केली, नाव, आईचं नाव, जन्माचं वर्ष. त्रेचाळीस पोरं भरली. सुप्रीम कोर्टाने १३ डिसेंबर २००६ ला आदेश दिलेला आहे, की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुलं आहेत तिने मागणी केली तर तीन महिन्यांत अंगणवाडी मिळाली पाहिजे. अर्जात तो आदेश लिहिला. अर्जाची एक प्रत पंचायतीत आणि एक पंचायत समितीत, बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याकडे. दोन्ही ठिकाणी शिक्का मारून पोच घेतली. ग्रामसभेत सूचक म्हणून वाडीची बाई उभी राहिली, अनुमोदक म्हणून दुसरी. ठराव वाचून दाखवा म्हणाल्या. वाचला तेव्हाच खाली बसल्या. आठवड्यात नक्कल घेतली.

खेटे घालावे लागले, पण अंगणवाडी आली. इमारत नाही, एका घराच्या ओटीवर भरते. तरी वजनकाटा आला, आहार आला, आणि महिन्यातून एकदा आरोग्य व पोषण दिवसाला नर्सबाई ओढा ओलांडून वर येते. कमी वजनाची दोन पोरं पहिल्याच महिन्यात सापडली. ती पोरं आधीही होतीच, पण कोणाच्या वहीत नव्हती.

म्हणून आम्ही म्हणतो, वहीत नाही ते वाडीवर नाही.

पंचायतीचं काम काय

आपल्याला वाटतं, पंचायत म्हणजे दाखला आणि घरपट्टी. कायदा तसं म्हणत नाही. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. त्याच्या ४५ व्या कलमात ग्रामसूची आहे, म्हणजे पंचायतीने करायच्या कामांची यादी. त्यात पिण्याचं पाणी, स्वच्छता, औषधपाण्याची सोय, बाळंतीण आणि मुलांची काळजी हे सगळं आहे. १९९३ पासून तर ही गोष्ट देशाच्या घटनेतच आली. घटनेला अकरावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत. आरोग्य आणि दवाखाने, महिला व बालविकास, अपंगांसह समाजकल्याण, आदिवासी आणि दुर्बलांचं कल्याण, हे सगळे विषय त्यात आहेत. तेव्हा सरपंचाने “आरोग्य आमच्याकडे येत नाही” म्हटलं तर ते खरं नाही.

पण अर्धं खरं आहे, तेही समजून घेऊ. म्हणजे चुकीच्या दारात डोकं आपटत बसणार नाही. ग्रामपंचायत डॉक्टर नेमत नाही. आपल्या तालुक्यात नेरे, वावंजे, आजिवली, आपटा, गव्हाण इथली प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषद चालवते. तिथे डॉक्टर नाही, सापाच्या विषावरचं इंजेक्शन नाही, तर धरायचं तालुका आरोग्य अधिकाऱ्याला आणि आपण निवडून दिलेल्या झेडपी सदस्याला. अंगणवाडीसाठी पंचायत समितीतला बालविकास प्रकल्प अधिकारी. म्हाताऱ्यांच्या आणि विधवांच्या पेन्शनसाठी तहसीलदार. पनवेलचं मोठं उपजिल्हा रुग्णालय राज्य सरकारचं. पाणी, वाट, सफाई आणि गावची आरोग्य समिती मात्र थेट पंचायतीची. आणि बाकी सगळ्या दारांत जाताना हातात ग्रामसभेचा ठराव असला तर साहेब खुर्चीवर बसायला सांगतो. नसला तर “बघू” म्हणतो.

पाण्यापासून सुरुवात

आपल्याकडचं निम्मं आजारपण पाण्यातून येतं. जुलाब, कावीळ, विषमज्वर, लहान पोरांची खंगत जाणारी अंगं. स्थानिक कारभाराने मनावर घेतलं तर काय होतं, हे बघायला लांब जायला नको. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, महाराष्ट्रातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. शहराला पाणी हवं म्हणून तिने स्वतःच्या मालकीचं धरण ठेवलं, देहरंगचं, माथेरानच्या डोंगराखाली गाढी नदीवर. म्हणजे आपल्याच डोंगरातलं पाणी शहराच्या नळाला गेलं. शहराला पाणी मिळालं याचं आपल्याला वाईट वाटत नाही. पण त्याच डोंगरांच्या अंगाखांद्यावरच्या कितीतरी वाड्या चैत्र-वैशाखात झऱ्यावर हंड्यांची रांग लावून बसतात. शहराची पालिका शहरासाठी भांडली. आपल्या वाडीसाठी आपली पंचायत भांडली का, आणि आपण तिला भांडायला लावलं का, हा प्रश्न आहे.

विहिरीत टीसीएल पावडर टाकणं हे पंचायतीचं काम. त्यासाठी जलसुरक्षक नेमलेला असतो. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं वर्षातून दोनदा आरोग्य खातं पाण्याच्या जागा तपासतं आणि पंचायतीला कार्ड देतं. जास्त धोका असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. पंचायतीला हिरवं कार्ड मिळालं म्हणजे वाडीचा झरा तपासला असं नाही. गावची विहीर तपासली आणि वाडी राहून गेली, असंही होतं. तेव्हा विचारायचं, आमच्या झऱ्याचा नमुना कधी घेतला, अहवाल दाखवा. येत्या ऑक्टोबरातच ही तपासणी असते. तपासणीवाला गावात आला की त्याला वर घेऊन यायचं.

पैसा कुठे आहे

“पैसा नाही” हे आपण सगळ्यात जास्त ऐकतो. तर पैसा कुठे कुठे असतो ते नीट ऐका. लिहिता येणाऱ्यांनी लिहून घ्या.

पहिला, ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यात प्रत्येक महसुली गावाला अशी समिती आणि वर्षाला १०,००० रुपये ठरले. रक्कम मोठी नाही. पण अडलेल्या पेशंटला गाडी करून न्यायला, पाणी शुद्ध करायला, कुपोषित पोराला खाऊ घालायला ती वापरता येते. समितीत आशाताई असते, अंगणवाडी सेविका असते. आपल्या वाडीचं कोणी त्या समितीत आहे का? बऱ्याच जणांना अशी समिती आहे हेच माहीत नसतं.

दुसरा, पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला. घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर करांतून जमणाऱ्या पैशातला १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. आपल्या पंचायतींकडे पैसा नाही असं म्हणू नका. आपल्या भागात फार्महाऊस उभी राहिली, गोदामं झाली, बिल्डिंगी आल्या. त्या सगळ्यांची घरपट्टी पंचायतीत येते. समजा पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न वर्षाला २० लाख आहे. तर ३ लाख मागासवर्गीयांचे, २ लाख बायापोरांचे, १ लाख अपंगांचे. गेल्या वर्षी हे पैसे कशावर गेले, एवढा एकच प्रश्न ग्रामसभेत विचारा. आरडाओरडा नको. विचारून खाली बसा आणि उत्तर वहीत लिहायला सांगा.

तिसरा, वित्त आयोगाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिला, बाकी ४० टक्के पंचायतीने गरजेप्रमाणे वापरायचा. तो कशावर वापरायचा हे गावच्या विकास आराखड्यात ठरतं, आणि आराखड्यावर शिक्कामोर्तब ग्रामसभा करते.

चौथा, आदिवासी विकास खात्याचा. पेणला आपलं प्रकल्प कार्यालय आहे. ठक्कर बाप्पा योजनेतून वस्तीला रस्ता, पाणी अशी कामं होतात. तिथेही आधी विचारतात, ग्रामपंचायतीचा ठराव कुठे आहे?

“जागा तुमच्या नावावर नाही”

आता आजारपण आणि जमीन यांची गाठ कुठे पडते ते बघू. वाडीवर काही मागितलं की एक उत्तर ठरलेलं. नळ मागा, अंगणवाडीची इमारत मागा, वाट मागा, उत्तर एकच : जागा तुमच्या नावावर नाही. काही वाड्या फॉरेस्टच्या जागेत, काही खाजगी मालकाच्या जागेत. मालक म्हणतो माझ्या जागेत खड्डा मारायचा नाही, गार्ड म्हणतो कुदळ जप्त करतो.

फॉरेस्टच्या जागेसाठी उत्तर आहे. वनहक्क कायदा २००६ चा. आपण त्यातलं दाव्याचं कलम पाठ केलं, पण शेजारचं वाचलंच नाही. कलम ३ चं पोटकलम २ म्हणतं, की गावाच्या सोयीसाठी सरकारला वनजमीन देता येते. तेरा कामं दिलेली आहेत. त्यात शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची लाईन, पिण्याच्या पाण्याची योजना आणि पाइपलाइन, तळी, रस्ता, समाजमंदिर हे सगळं आहे. अटी तीन. जागा एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, झाडं तोडायची झाली तर हेक्टरी ७५ च्या वर नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. त्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत. प्रस्ताव वनक्षेत्रपालाकडून उपवनसंरक्षकाकडे जातो. तिथे पटलं नाही तर निर्णय कलेक्टरच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीत होतो. म्हणजे गार्डाच्या “नाही”वर विषय संपत नाही.

आपला तालुका पाचव्या अनुसूचीत नाही, म्हणून पेसा कायदा इथे लागत नाही. पालघर, गडचिरोलीच्या ग्रामसभांना जे जादा अधिकार आहेत ते आपल्याला नाहीत. पण वनहक्क कायदा सगळीकडे लागू आहे. पेसा नाही म्हणून हात बांधले असं कोणी सांगितलं तर मानू नका.

खाजगी जागेतल्या वाड्यांचा मार्ग वेगळा आणि लांबचा आहे. गावठाण कुठवर, हे ठरवायचा अधिकार महसूल संहितेच्या १२२ व्या कलमाने कलेक्टरला आहे. वाडीचं गावठाण जाहीर करा, हा ठराव ग्रामसभेत झाला पाहिजे. किती पिढ्या राहतो, किती घरं, कोणाच्या घरपट्टीच्या पावत्या, मतदार यादीत नावं कधीपासून, हे सगळं त्याला जोडायचं. जुनी पावती फेकू नका. ती चुलीवरच्या माळ्यावर नाही, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

आणि जागा नुसती नावावर असून पुरत नाही, ती जगण्याजोगी पाहिजे. शेजारच्या खालापूर तालुक्यात १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. सत्तावीस जणांचे देह सापडले, सत्तावन्न जण सापडलेच नाहीत. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, मदतीची माणसं पावसात चिखलातून पायी चढली. ती सगळी आपल्यासारखीच ठाकर माणसं होती. ज्या वाडीवर गाडी जात नाही, त्या वाडीवर बाळंतीण झोळीतून खाली येते आणि साप चावलेला माणूस खांद्यावरून. वाट आणि सुरक्षित जागा मागणं हे आरोग्य मागणंच आहे. आपल्या वाडीच्या वरच्या अंगाला भेगा दिसतात का, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ येतं का, हे बघून पंचायतीला लेखी कळवा. तोंडी कळवलेलं नंतर कोणाला आठवत नाही.

रानाचंही तसंच. आपल्या आया पावसाच्या तोंडावर शेवळं आणायच्या, मग टाकळा, कुरडू, करटोली, पुढे कंद. दळीवर नाचणी, वरी असायची. आता रेशनचा भात आणि मिठाची चटणी. रान बंद झालं की पोराच्या ताटातून काय काय गेलं, हे कुठल्या डॉक्टरला विचारायला नको. म्हणून दळीचा दावा हादेखील पोराच्या वजनाचा दावा आहे.

मागे राहिलेली माणसं

भट्टीवर धडधाकट माणसं जातात. वाडीवर कोण राहतं? म्हातारी, आंधळा आजा, पाय गेलेला भाऊ. दिवाळी ते शिमग्यापर्यंत, काही घरांत पार आगोटीपर्यंत, त्यांना बघणारं कोणी नाही. गेल्या वर्षी एका वाडीवर एक म्हातारी तापाने दोन दिवस पडून होती. शेजारचं घरही बंद. तिसऱ्या दिवशी गुराख्याला कळलं. ती वाचली हे नशीब.

केरळात १९९६ पासून लोकांनी गावच्या योजना स्वतः करायला सुरुवात केली, प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींच्या हाताखाली आली. २००८ साली तिथल्या सरकारने अंथरुणाला खिळलेल्यांसाठी धोरण केलं आणि आता पंचायतीच्या खर्चाने नर्स घरोघर जाते. जखम धुते, औषध देते, घरच्यांना शिकवते. तिथे माणसं वेगळी नाहीत. पंचायतीने ते आपलं काम मानलं, एवढाच फरक.

आपल्याला उद्या नर्स मिळेल असं आम्ही म्हणत नाही. पण यादी करता येते. वाडीवर मागे राहणाऱ्यांची नावं, आजार, औषध, कोणाला फोन करायचा. ती यादी ग्रामसभेत द्या, आशाताईला द्या, पंचायतीच्या आपल्या सदस्याला द्या. दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून काठी, कुबड्या, खुर्ची मागा. संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेत दरमहा पैसे मिळतात. वाडीवर किती जणांना लागू आहे आणि किती जणांना मिळतं, हे दोन आकडे प्रत्येक वाडीने काढायचे.

जाणाऱ्यांसाठीही सांगतो. गरोदर बाई आणि लहान पोर भट्टीवर गेलं म्हणून त्यांचा हक्क संपत नाही. माता-बाल कार्ड सोबत न्या. भट्टी ज्या गावात असेल तिथल्या अंगणवाडीत आणि आशाताईकडे नाव घाला. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, औषध, रक्त, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी हे सगळं २०११ पासून मोफत आहे. १०२ आणि १०८ हे दोन नंबर पोरांना पाठ करून द्या.

घाई कशाची

आता सुरुवातीला बोललो ते. ग्रामसभा वर्षातून कमीत कमी चार व्हाव्या लागतात. बहुतेक ठिकाणी त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात. यातल्या पहिल्या दोन वेळी आपण भट्टीवर असतो. म्हणजे वर्षातली निम्मी ग्रामसभा आपल्याविना होते. आणि पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम २ ऑक्टोबरपासून सुरू होतं. आपला आवाज वहीत जाण्याची हीच एक वेळ. ती हुकली तर आपण परत येईपर्यंत पैसा वाटून झालेला असतो.

आणखी एक खोच समजून घ्या. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातले जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब. तहकूब झालेली सभा पुन्हा घेतात तेव्हा ती अट नाही. चार माणसांत पाच मिनिटांत विषय मंजूर. म्हणून पहिल्याच सभेला जायचं, आणि संपेपर्यंत बसायचं.

आणि हेही बघून ठेवा, ग्रामसभा कायमची नाही. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेलची महानगरपालिका झाली, आजूबाजूची गावं तिच्यात गेली. त्या गावांची पंचायत गेली, पंचायतीबरोबर ग्रामसभाही गेली. विमानतळ आला, नैना आलं, शहर डोंगराकडे सरकतंय. उद्या आपली पंचायतही शहरात जाऊ शकते. शहराचे फायदे असतीलही. पण आज वाडीची म्हातारी उभी राहून सरपंचाला हिशेब विचारू शकते, ते दार उद्या असेलच असं नाही. दार उघडं आहे तोवर आत जाऊन जे लिहून घ्यायचं ते लिहून घेऊ. वाडीची हद्द, वाडीचं पाणी, वाडीची वाट, सगळं नोंदीत येऊ दे.

तर २ ऑक्टोबरच्या आधी प्रत्येक वाडीने ही पाच कामं करायची :

१. वाडीची यादी. सहा वर्षांखालची पोरं, गरोदर बाया, अपंग, एकटी म्हातारी माणसं. एका वहीत, एका पोरीच्या किंवा पोराच्या हस्ताक्षरात.

२. वाडीच्या तीन मागण्या ठरवायच्या. तीनच. वीस मागितल्या की एकही होत नाही. बाया काय म्हणतात ते आधी ऐकायचं, पाण्याला त्याच जातात.

३. अर्ज सभेच्या आधी द्यायचा आणि पोच घ्यायची. सभेची नोटीस सात दिवस आधी लागायला पाहिजे. ती लागली का, ते बघायला रोज एक जण पाठवायचा.

४. महिला सभेला बाया, ग्रामसभेला सगळे. सूचक, अनुमोदक आधीच ठरवायचे. ठराव वाचून घ्यायचा. कोऱ्या कागदावर किंवा मोकळ्या जागेखाली अंगठा द्यायचा नाही. आपल्यातली जी बाई पंचायतीत सदस्य आहे तिच्या बाजूला चार बाया बसल्या पाहिजेत, म्हणजे सही तिची आणि निर्णय दुसऱ्याचा असं होणार नाही.

५. आठवड्यात नक्कल. ती संघटनेच्या बैठकीत आणायची. ज्या वाडीची नक्कल येणार नाही तिने ठराव झाला असं सांगायचं नाही.

सुरुवातीला सांगितली ती वाडी या खेपेला अंगणवाडीच्या इमारतीसाठी कलम ३(२) चा ठराव मांडणार आहे. जागा फॉरेस्टची, अकरा गुंठे, एकही झाड तोडायचं नाही. पण निम्मे सभासद हजर पाहिजेत, आणि ते एका वाडीचं काम नाही. त्या पंचायतीतल्या बाकीच्या तिन्ही वाड्यांनी त्या दिवशी मजुरी सोडून यायचं आहे. खालच्या गावातल्या माणसांनाही भेटायचं आहे. त्यांची पोरंही त्याच ओढ्याने वाहणारं पाणी पितात. सगळे विरोधात नाहीत, कित्येकांना कोणी विचारलेलंच नाही.

मुकादमाला सांगा, २ तारखेनंतर बोलू.

जिंदाबाद!